ठकूबाईची चार लेकरे

सखानाथ महाराज तेव्हा सीनेकाठच्या बोरवाडीत मुक्कामाला होते. धनगरवस्तीवरची ठकूबाई त्यांची मोठी भाविक. मठाचे अंगण सारवल्याशिवाय ती तोंडात पाणी घालत नसे. लग्नानंतर दहा वर्षांनी तिची कूस उजवली आणि एकाच बाळंतपणात तिला चार लेकरे झाली!

गाव बघायला लोटला. देशमुखांच्या भागीरथीबाई मात्र पाणवठ्यावर सर्वांदेखत म्हणाल्या, “चार-चार? ही बाई की शेळी? आणि म्हणे महाराजांचा आशीर्वाद!” आठ वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा पाळण्यातच गेला होता. तेव्हापासून त्यांच्या जिभेला कडू चव आली होती.

ठकूला दूध पुरेना. शेळीचे दूध लेकरांना पचेना. तिसऱ्या दिवशी एक गेले, चौथ्या दिवशी दुसरे. ओढ्याकाठी महाराजांनी स्वतःच्या हातांनी माती लोटली. घरी आल्यावर ठकूने विचारले, “म्हाराज, देवानं लेकरं चार दिली, मग दूध एकाचंच का वो दिलं?”

महाराजांचे डोळे भरून आले. “माय, मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

तिसरे लेकरू आता रडतही नव्हते. महाराजांनी ते छातीशी धरले आणि थेट देशमुखांच्या दारात उभे राहिले.

“बाई, भिक्षा वाढा.”

भागीरथीबाई सुपात धान्य घेऊन आल्या. महाराजांनी लेकरू त्यांच्या मोकळ्या हातावर, पदरात ठेवले.

“थट्टा करता महाराज? माझा पान्हा आटून आठ वर्षं झाली!”

“त्याला ते कुठे माहीत आहे?” महाराज म्हणाले.

लेकराने सुकलेले ओठ हलवले, तोंडाने चाचपडू लागले. भागीरथीबाईंच्या हातून सूप गळून पडले. त्यांची चोळी भिजली होती! त्या उंबऱ्यातच बसल्या, लेकराला पदराखाली घेतले आणि आठ वर्षांचे रडू त्यांना त्या दिवशी आले.

दोन लेकरे वाचली. बारशाच्या दिवशी भागीरथीबाई वस्तीवर आल्या आणि महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराज म्हणाले, “तिच्याकडे जा.”

त्यांनी ठकूच्या पायांवर डोके ठेवले. “मला क्षमा कर गं. त्या दोघांची नावं काय ठेवली होतीस?”

“ठेवलीच न्हाईत, बाई. तेवढे दिस कुठं मिळाले?”

त्या दिवशी पाळण्यात दोन बाळे होती. महाराजांनी नावे चार ठेवली. गेलेल्या दोघांची नावे पाळण्याशी वाकून भागीरथीबाईंनी उच्चारली आणि त्यांना पुन्हा मान वर करवेना.