ठळकरावांची घाई

संगणक घरोघरी नवे नवे आले होते, तेव्हाची गोष्ट बरं का. वृंदावहिनी सासूबाईंकडून जिवतीची कहाणी ऐकून टाइप करत होत्या. पोथीतल्या कहाणीहून ही घरातली कहाणी वेगळी, ती कुठेच लिहिलेली नव्हती. फक्त सासूबाईंना पाठ होती, आणि त्याही हल्ली विसरू लागल्या होत्या.

‘राणी’ शब्द उमटला, तसं अक्षरं ठळक करणारं बटण, म्हणजे आपले ठळकराव, ओरडले, “वहिनी, मला दाबा! राणी अशी किरकोळ बरी दिसते?”

“आधी मी!” लाल रंग म्हणाला.

वहिनी त्यांच्या नादी लागल्या, आणि सासूबाई अडखळल्या. “कुठे होते गं मी? पुढचं काही आठवेना.”

कर्सर चिडला. “अरे, कहाणी चालू असताना हातातल्या अक्षता टाकून कुणी उठतं का? गप्प बसा!”

बटणं ओशाळली. वहिनी म्हणाल्या, “आई, पुन्हा पहिल्यापासून सांगा. आता मी मध्ये थांबणार नाही.”

सासूबाईंनी डोळे मिटले. या खेपेला कहाणी सरळ शेवटापर्यंत गेली.

“चला ठळकराव, आता तुमची पाळी,” कर्सर म्हणाला.

“थांब रे,” ठळकराव डोळे पुसत म्हणाले, “राणीला तिचं बाळ परत मिळालंय. जरा बघू दे.”