बत्ताशाचा नमस्कार

"नमस्कार नाही, तर मग काय आहे हा, माई?"

माईंचा शिष्य विश्वंभर जवळजवळ नाचतच विचारत होता. डोंगरावरच्या मठात, दत्ताच्या पादुकांसमोर, बत्ताशा कुत्रा वाकला होता. पुढचे पाय पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग उंच. भोवती ही गर्दी! कुणी फुलं वाहतंय, कुणी मोबाइलवर फोटो काढतंय.

"सकाळपासून असाच चाललाय. उठतो, चार पावलं जातो, पुन्हा वाकतो. मुक्या जिवाला भक्ती कळली, माई!"

ती कुणी शिकवली, एवढंच काय ते तोंडाने म्हणायचं राहिलं होतं. छाती मात्र चांगली फुगली होती.

आदल्या दिवशीची दत्तजयंतीही त्यानेच गाजवली होती. मठाची रीत अशी, की पंगतीआधी पहिलं पान कुत्र्याचं. मठाच्या गुरू उमागिरी माई दरवर्षी आपल्या हाताने त्याला भाकरी घालायच्या. यंदा विश्वंभरने भाविकांनाच सांगून टाकलं, ज्याने त्याने आपल्या हाताने भरवावं. मग काय विचारता! तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या, वर आणखी तुपाची धार. बत्ताशा बिचारा भाबडा. नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं.

आता माई पुढे झाल्या. गुडघे धरत खाली बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या...

मग झोळीतून भाकरीचा तुकडा काढून त्यांनी बत्ताशाच्या नाकाशी धरला. माईंच्या हातच्या तुकड्यासाठी हा कुत्रा सगळा डोंगर धावत चढायचा. आज त्याने तोंड फिरवलं. ओठांतून लाळ गळत होती.

"उलट्या झाल्या का रे याला?"

"झाल्या... पहाटेपासून होतायत. पण ते कालचं जरा जड झालं असेल, माई."

माईंनी हलकेच त्याच्या पोटाखाली हात नेला. पोट ताठ. बत्ताशा थरथरला, आणि जन्मात पहिल्यांदा माईंवर गुरगुरला. गर्दी झटकन मागे सरली.

"विश्वंभरा, तू वाक पाहू. हुबेहूब याच्यासारखा."

विश्वंभर हौसेने वाकला. कोपरं जमिनीला, कंबर वर. दोघा-चौघांनी त्यालाही हात जोडले.

"पोटावर भार येतोय का तुझ्या?"

"नाही, माई. उलट हलकं वाट..."

तो तसाच थांबला. शेजारी, त्याच्या तोंडासमोर, बत्ताशाचं तोंड होतं. डोळे अर्धे मिटलेले, श्वास भराभर चाललेला. विश्वंभरच्या तोंडचं पाणी पळालं.

"देवा रे! माई, अंगारा लावू? चमचाभर तूप-हळद चाटवू?"

"काही घालू नकोस त्याच्या तोंडात. उचल त्याला. डॉक्टरकडे ने."

घोंगडीची झोळी करून बत्ताशाला खाली नेलं. विश्वंभर सगळी वाट रडत होता, आणि कुणी बघतंय याची त्याला शुद्ध नव्हती. बत्ताशा लहान पिल्लू असताना त्यानेच त्याला ओढ्याकाठून उचलून आणलं होतं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासलं. "स्वादुपिंडाला सूज आलीय. एवढं तुपकट खाल्ल्यावर होतं असं. आणखी उशीर केला असता, तर हाती लागला नसता."

सलाईन लावलं. विश्वंभर दवाखान्याच्या पायरीवरच मुक्काम ठोकून बसला. एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. अख्खा गाव बघत होता, मीही बघत होतो, आणि दिसलं फक्त माईंना! काय ही बाई! त्याला त्यांच्याबद्दल इतका आदर पूर्वी कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

बत्ताशा वाचला. मठात परत आला तो अशक्त होऊन, पण शेपटी हलवत. अंग टाकून, कुशीवर पाय ताणून निवांत झोपला.

विश्वंभर तडक माईंकडे गेला आणि पायांशी साष्टांग आडवा झाला.

"माई, मला तुमची नजर द्या!"

माईंनी त्याला उठायला खुणावलं.

तो उठेना. कपाळ जमिनीला टेकलेलं, पाठ गदगदत होती. येणारेजाणारे थबकून बघू लागले. केवढी ही गुरुभक्ती, असं कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा.

माई वाकल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"कुठं दुखतंय, बाळा?"