गोगलगायीचे पाय

हातातलं काम टाकून मला गोष्ट सांगायला बसवलंत, आता निमूट ऐका.

पूर्वी कधीतरी बागेत एक चिनी बरणी गळ्यापर्यंत रुतली होती. उन्हाच्या तलखीनं बिनकण्याचे सगळे जीव तिच्या गारव्याला निघाले. तोंडाशी गोम पाय मोजून आत सोडी. मुंगीचे सहा, कोळ्याचे आठ. गोगलगायीला म्हणाली, “तुझे कुठायत, बये?”

“पोटात.”

“पोटात पाय? लबाडांना जागा नाही!”

बिचारी बाहेर सुकत बसली. तेवढ्यात बागेला पाणी सुटलं आणि तोंडाशी बसलेल्या गोमेला ओढत बरणीत शिरलं. आतले सारे ओल्या भिंतीवरून घसरू लागले. गोगलगाय पोटानं चिकटत आत उतरली.

“चढा पाठीवर!”

गोम ओशाळली. “मीसुद्धा?”

“चढ गं! पाय पोटात आहेत, म्हणून तर पाठ मोकळी आहे.”

वर येताच गोमेनं माफी मागितली. मला चारचौघांत गोगलगाय म्हणणाऱ्या शेजारच्या तुळाजीनं अजून मागितलेली नाही.