चार सगुणा आणि एक शेळी

एक होता राजा. पण तो जेवून आडवा झालाय, त्याला झोपू द्या. आपली गोष्ट त्याच्या राज्यातल्या एका मुलीची. तिचं नाव सगुणा. वय चौदा-पंधरा. म्हणजे धड लहान नाही, धड मोठी नाही, आणि सारखी रुसलेली.

सगुणेला वडील नव्हते. ती तान्ही असतानाच ते गेले. घरात ती आणि तिची आई ठकूबाई. ठकूबाई अंबाडीचे दोर वळायची. असे दोर, की हत्ती बांधला तर हत्तीच म्हणे, "राहू दे, मी इथेच बसतो."

आता सगुणेला एक खोड होती, बरं का. काहीही झालं की म्हणायची, "तसं केलं असतं तर?" ताटात पिठलं आलं की म्हणे, आमटी केली असती तर? आमटी केली की म्हणे, पिठलं असतं तर? लहानपणी तिनं एकदा रेडकू उचललं होतं. ते बघून तालमीचे वस्ताद म्हणाले, "पोरीला आमच्याकडे पाठवा, पैलवान करतो." आई नको म्हणाली. मग काही वर्षांनी राजवाड्यातून धाकट्या राजपुत्रासाठी मागणी आली. तेव्हा सगुणाच नको म्हणाली, कारण राजपुत्र शेंबडा होता. पण भांडी घासायला बसली की सुरू. "पैलवान झाले असते तर? राणी झाले असते तर? ही काळी कढई माझ्या नशिबी आली असती का?"

एकदा काय झालं, ठकूबाईचं डोकं फिरलं. म्हणाली, "तर, तर, तर! कान किटले माझे. ऊठ. नवा दोर चिंचेला बांधलाय, जा, झोके घे आणि डोकं थंड करून ये."

मग सगुणा गेली. रागारागानं झोक्यावर उभी राहिली. एक झोका घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा असा घेतला, असा घेतला, की चिंचेचा शेंडा खाली राहिला. आणि फस्सकन आवाज झाला.

आता हे नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घडीची पोळी पाहिलीत ना? वरून एकच दिसते. पण आत पदर असतात. मधून तेलाचं बोट फिरवलेलं असतं, म्हणून ते सुटतात. तसंच जगाचं. आपलं जग म्हणजे एक पदर. त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा. प्रत्येक पदरात एक सगुणा आहे, एक तू आहेस. एका पदरात तू मघाशी दूध प्यायलास, दुसऱ्यात सांडलंस. आपण कुठल्या पदरात आहोत ते मला ठाऊक आहे. चादर ओली लागतेय.

तर सगुणेचा झोका गेला थेट पुढच्या पदरात. चिंच तीच, गाव तेच. पण खाली उतरते तोच चार माणसं धावत आली. "आली, आली! वस्ताद, सगुणा पैलवान आली!" आणि तिला उचलून नेऊन उभी केली आखाड्यात. समोर एक गडी शड्डू ठोकत होता. केवढा? आपल्या माडीच्या जिन्याएवढा. सगुणेनं घाबरून डोळे मिटले. तर पुढ्यात धपकन आवाज. डोळे उघडून बघते तो काय, गड्यानं लोटांगण घातलेलं. म्हणतो, "ताई, गेल्या खेपेचा खांदा अजून दुखतोय हो. मी हरलो असंच सांगा."

तेवढ्यात गर्दीतून खरी पैलवान सगुणा आली. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. दोघी बघतच राहिल्या. मग पैलवानीण हिला बाजूला घेऊन गेली आणि हळूच विचारते काय? "लोणचं खातेस का गं तू?"

"रोज खाते."

"कसं लागतं? मला बंदी आहे. दूध, तूप, बदाम, परत दूध. मी लोणचं खाल्लं असतं तर!" आणि एवढी मोठी पैलवानीण, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगुणेला वाटलं, हे काही खरं नाही. मग ती परत झोक्यावर चढली आणि गेली आणखी पुढच्या पदरात.

तिथे सगुणा होती राणी. बागेत सिंहासनावर बसलेली. अंगावर इतके दागिने, की मान धरायला एक दासी, हात उचलायला दुसरी, आणि नाक खाजवायला तिसरी. राणीनं हिला पाहिलं आणि दासींना पिटाळलं. म्हणाली, "देवच पावला! घटकाभर माझ्या जागी बस. मी लगोरी खेळून येते." आणि अंगावरचं सगळं हिच्या अंगावर घालून ती पळालीसुद्धा.

मग सगुणा बसली. ऐटीत बसली. आणि नाकाला सुटली खाज. हात उचलायला गेली, उचलेना. हाक मारावी तर राणीनं ओरडायचं नसतं. नाक वाकडं केलं, ओठ वर नेला, फूं फूं केलं. काही नाही. शेवटी तिथे राजपुत्र आला. मोठा झाला होता, पण शेंबूड होताच. लाडानं म्हणतो, "राणीसरकार, आज फार गोड चेहरे करताय." तेव्हा सगुणा इतक्या जोरात शिंकली, की मुकुट उडून हौदात पडला. राणी लगोरी टाकून धावत आली, आणि तिनं दागिने उतरवताच सगुणेनं धूम ठोकली.

मग ती तिसऱ्या पदरात गेली. तिथे मात्र सगळं घरच्यासारखंच होतं. तेच अंगण, तोच अंबाडीचा ढीग, तीच आई दारात उभी. आईनं हाक मारली, "सगुणे, ये गं, भाकरी खायला!"

सगुणेला काय आनंद झाला! ती पळत सुटली. तर मागून कोणीतरी ढुशी देऊन पुढे गेलं. कोण? शेळी. काळी, लांब कानांची, आणि तोंड असं, की सगळ्या जगावर रुसलेली. आईनं शेळीला भाकरी भरवली. मग मान वर केली आणि सगुणेला म्हणाली, "कोण गं तू, बाळ? कोणाची?"

ऐकताय ना? आईनं विचारलं, तू कोणाची.

सगुणा दोन पावलं मागे सरली. तेव्हा आई म्हणाली, "घाबरू नकोस, ही मारत नाही. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच आमचे हे गेले. मूलबाळ झालंच नाही. मुलगी झाली तर सगुणा नाव ठेवायचं ठरलं होतं. नाव वाया कशाला घालवायचं? म्हणून हिला ठेवलं." आणि तिनं अर्धी भाकरी सगुणेच्या हातावर ठेवली. सगुणेनं ती खाल्ली. मग ती झोक्यावर उलटी उभी राहिली आणि मागे झोके घेत, एकेक पदर ओलांडत, रडत रडत घरी आली.

घरी येऊन बघते तर काय? तिच्या पाटावर एक मुलगी बसलेली. तेच नाक, तेच डोळे, फक्त हडकुळी. आणि आई तिच्या केसांना तेल लावतेय!

"आई! ही कोण? मी इथे आहे!"

"ठाऊक आहे मला," ठकूबाई म्हणाली. "ही आली आणि न सांगता कढई घासून ठेवली. तेव्हाच ओळखलं, ही काही माझी नव्हे."

ती होती मागच्या पदरातली सगुणा. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. ती मामीकडे राहायची. मामी तिला दिवसभर राबवायची आणि उरलंसुरलं घालायची. ती पण एकदा चिंचेखाली रडत रडत झोका घ्यायला लागली, आणि फस्सकन इकडे आली. म्हणाली, "मी जाणार नाही. मी सगळी भांडी घासीन. पण मला इथून घालवू नका."

आपल्या सगुणेला दया आली का? छे! ती म्हणाली, "तो माझा पाट आहे." तिनं हिची वेणी ओढली, हिनं तिची ओढली. ठकूबाईनं दोघींचे कान धरले. गडबडीत एकीचे दोन्ही धरले, ते वेगळंच.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. शेजारच्या साळूबाई स्वतःशीच भांडत होत्या. म्हणजे दोन साळूबाई होत्या हो! एक म्हणे, "माझ्या दारात तू कोण?" दुसरीही त्याच वेळी म्हणे, "माझ्या दारात तू कोण?" एक दम घ्यायला थांबली की दुसरीही थांबे. भांडण पुढे सरकेचना. त्यातच साळूबाईंचे यजमान बाहेर आले, दोन बायका पाहिल्या आणि माळ्यावर जाऊन बसले. मग दोन मांजरं आली. मग कोतवाल दोन झाले आणि एकमेकांना पकडायला लागले.

असं का झालं? पाहुणा घटकाभर आला तर पदराला काही होत नाही. पण मुक्काम ठोकला, एका पदरात दोन सगुणा राहायला लागल्या, की पदर फाटतो. आणि मग पलीकडचं सगळं आत येतं. ठकूबाईनं आयुष्यभर पोळ्या लाटल्या होत्या, तिला लगेच उमगलं. ती म्हणाली, "दोघींतल्या एकीला जावं लागणार. पण ह्या लेकराला मी त्या मामीच्या घरी पाठवणार नाही. काहीही होवो." आणि डोळ्याला पदर लावून ती खाली बसली.

आपल्या सगुणेनं त्या मुलीचे हात पाहिले. सगळे चरे पडलेले, बोटं फुटलेली. तिला ती अर्धी भाकरी आठवली. मग ती म्हणाली, "आई, एक पदर आहे. तिथे तू आहेस, पण मी नाही. म्हणजे आहे, पण मी शेळी आहे."

"काय बोलतेस?"

"बघशील तर हसशील. चल गं," ती त्या मुलीला म्हणाली.

ठकूबाईनं तिच्या वेणीला फडकं बांधलं, वाटेसाठी लाडू दिला, आणि तिला पोटाशी घट्ट धरलं. सोडवेना. साळूबाई बाहेर तीन झाल्या, तेव्हा कुठे सोडलं.

मग दोघी एकाच झोक्यावर उभ्या राहिल्या. मुलगी घाबरली होती. "तिनं मला नको म्हटलं तर?"

सगुणा म्हणाली, "तर तर करू नकोस. धर घट्ट."

झोका गेला, गेला, तिसऱ्या पदरात उतरला. दारात आई उभीच होती. तिनं हाक मारली, "सगुणे!"

शेळी धावली. आणि तिच्या मागून ती मुलगीही दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

आई म्हणाली, "तू का थांबलीस? तुझं नाव काय?"

"सगुणा."

आईनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "आई कुठे आहे तुझी?"

मुलगी म्हणाली, "नाही."

"अगं बाई," आई म्हणाली, आणि तिनं मुलीला जवळ ओढलं. "आता ह्या शेळीचं काय करू मी?"

शेळीचं नाव चंपा ठेवायचं ठरलं. पण शेळी ऐकते होय? चंपा म्हटलं की ढिम्म. सगुणा म्हटलं की मुलगी आणि शेळी, दोघी धावत यायच्या, आणि भाकरी आधी शेळी खायची. मग आईनं भाकऱ्या जास्त थापायला सुरुवात केली.

आपली सगुणा घरी परतली, तेव्हा फाटलेला पदर मिटला होता. जास्तीच्या साळूबाई आपापल्या घरी गेल्या होत्या, आणि उरलेल्या साळूबाईंना भांडायला कोणी नाही म्हणून चुकल्यासारखं होत होतं. सगुणेनं त्या दिवशी सगळी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी नाही घासली हो, उगाच खोटं कशाला सांगू? पण आईनं पिठलं वाढलं, ते तिनं मुकाट्यानं खाल्लं आणि आणखी मागितलं. ठकूबाईनं वाढलं, आणि सगुणा तिच्या मांडीवर डोकं टाकून तिथेच झोपली.

तशी ही इकडे सुखी, ती तिकडे सुखी, शेळी तर सगळ्यांत सुखी. देव सगळ्यांचं भलं करो. चला, आता पाय पांघरुणात घ्या. तू ओल्या बाजूला नको, इकडे माझ्या कुशीत सरक. आणि मीट बघू डोळे.