ठकूबाईचे दोन हात

पूर्णेकाठच्या नांदरखेड गावी, वडाखालच्या मठात वडनाथ महाराज राहत असत. एके वर्षी पूर आला, ओसरला आणि गाळाबरोबर पटकी मागे ठेवून गेला. लोकांचं भाबडेपण बघा! नदीमाय विहिरीत उतरली म्हणून त्यांनी विहिरीची ओटी भरली आणि तेच गढूळ पाणी तीर्थ म्हणून घरोघर प्यायले.

आजारी माणसं धर्मशाळेत आणून टाकली. जवळ जायला सख्खेही धजेनात. गेली ती एकटी ठकूबाई सुईण. पाणी उकळायचं, मिठाची पेज घोटघोट पाजायची, घाण उपसायची. एकटी बाई कुठवर पुरणार? मदतीला माणूस मागायला ती मठात आली, तर कारभारी भास्करपंतांनी तिला पायरीवरच अडवलं. आत सप्ताह चालू होता.

"ओकाऱ्या उपसलेले हात घेऊन इथं येतेस? महाराजांची सेवा सोवळ्यात होते, बाई," पंत म्हणाले, आणि टाळकरी हसले.

ठकूबाईच्या जिव्हारी लागलं. महाराजांचं नुसतं दर्शन घडतं, तरी तिला बळ आलं असतं. डोळे पुसत ती परतली, तो धर्मशाळेच्या दारात पंतांचीच आई, राधाकाकू, आणून ठेवलेली. डोळे पार खोल गेलेले. पेज पोटात गेली नाही, तर म्हातारी संध्याकाळ बघणार नव्हती. आणि ठकूबाई तर स्वतःच तापाने फणफणली होती.

"महाराज, मला हात दोनच आहेत हो," एवढं म्हणून ती भिंतीशी कोसळली.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. जमीन लख्ख, लुगडी धुऊन वाळत घातलेली, आणि राधाकाकू चक्क उठून बसलेल्या! तेवढ्यात पंत भीतभीत आत आले. काकू त्यांना सांगू लागल्या की महाराज दुपारभर उशाशी होते, त्यांनीच पेज पाजली.

"भ्रम झाला तुला, आई. महाराज आसनावरून हललेच नाहीत. मी दारातच होतो."

"मग माझं लुगडं कोणी धुतलं रे? तू?"

पंत धावत मठात गेले. महाराज आसनावरच होते. पण तळहात पाण्याने सुरकुतलेले आणि बोटांना गरम पातेल्याचे चटके. पंतांना रडू फुटलं. ते पायांवर पडणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

महाराज म्हणाले, "तिने माणूस मागितला, तुम्ही दिला नाहीत. म्हणून मला जावं लागलं. डोकं तिथं टेकवा."

पंत चिखल तुडवत परतले आणि सगळ्यांदेखत त्यांनी ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला अगदी अवघडल्यासारखं झालं.

"उठा, पंत," ती म्हणाली. "अजून पुष्कळ जणांचं करायचंय. तेवढी बादली घ्या."

पंतांनी धोतर वर खोचलं आणि बादली उचलली.