खारवलीचा सारंग शेवटी का उतरतो

खारवली बंदराच्या धक्क्यावर, भरतीला बुडणाऱ्या पायरीशी एक काळा दगड आहे. घडी विस्कटलेल्या पगडीसारखा. त्याच्यावर कुणीतरी फलक ठोकला आहे: शूर दर्यासारंग अमृतराव यांचे स्मारक. बंदर दाखवणारे पदाजी नाखवा त्या फलकाकडे पाठ करूनच उभे राहतात. "या पाटीवर थुकायचा मोह होतो," ते म्हणतात, "म्हनून इथं आलो की तंबाखू खात नाय."

विद्वान सांगतात, सारंग हा फारसीतला सरहंग, म्हणजे सेनानायक. दर्यासारंग म्हणजे समुद्रावरचा सेनानायक. खारवलीत या पदाचा अर्थ वेगळा आहे. तो बुडालेल्या माणसांनी ठरवला.

असे सांगतात, की जुन्या काळी इथल्या किल्ल्याच्या सुभेदाराचे एक गलबत होते. लाया तांडेल ते चालवायचा. पण दर्यासारंगाची पगडी चालवणाऱ्याला मिळत नसे, मर्जीतल्याला मिळे. सुभेदाराने ती आपल्या मेहुण्याला, अमृतरावाला दिली. अमृतरावाने तोवर नदीसुद्धा पालखीत बसून ओलांडली होती म्हणे. आणि नियम असा, की पगडीवाला गलबतावर चढला की तांडेलाने सुकाणू त्याच्या हाती द्यायचे.

श्रावण लागला होता, समुद्राला नारळ अजून दिलेला नव्हता. नवी पगडी मिरवायला अमृतरावाने गलबत काढायला लावले. लायाने हात जोडले. "सरकार, दर्या अजून बंद हाय. नारळ पडू द्या."

"भीती वाटत असेल तर बायकोच्या पदराखाली बस," अमृतराव म्हणाला.

खलाशी हसले नाहीत. लायाची बायको जानकू धक्क्यावर उभी होती. तिचा थोरला मुलगाही वल्ह्यावर बसला होता. ती ओरडली, "धनी, सुकानू सोडू नका!"

नियम मोडणाऱ्याचे किल्ल्यावर हात तोडत. लायाने सुकाणू सोडले. माणसे खरी तिथेच मेली. लाटा नंतर आल्या.

खाडीच्या तोंडाशी गलबत खडकावर चढून फुटले. धक्क्यावरून सगळे दिसत होते. गलबतामागे एकच होडी बांधलेली होती. अमृतराव तिच्यात उतरला आणि त्याने दोर कापला. होडी गलबतावरच्या निम्म्या माणसांना पुरली असती. लाया फुटक्या गलबतावर उभा राहून एकेकाला फळी देत होता, असे सांगतात. स्वतःच्या पोराला त्याने सर्वांत शेवटी दिली. किनाऱ्याला कुणीच लागले नाही.

भरतीने होडी आयतीच धक्क्याला आणली. अमृतरावासाठी किल्ल्यावरून कोरडी शाल आली होती. जानकूने पायरीवर त्याची वाट अडवली.

"सरकार, आमची मानसं?"

"दर्याने घेतली."

"मंग तुला एकट्याला कसा टाकला रं?"

तिने त्याची ओली पगडी उतरवून पायरीवर ठेवली. "जो पयला उतरला तो सारंग न्हाय. यापुढं ही पगडी दर्यानं रांडवलेल्या बाया बांधतील. जो शेवटी उतरंल त्याला."

शिपायांनी तिला त्याच पायरीवर ठार मारले. पगडी उचलायला गेले, तर ती दगड झाली होती म्हणे.

अमृतरावाला दुसरे गलबत मिळाले. त्यावर चढायला खारवलीचा एकही माणूस गेला नाही. फटके खाल्ले, घरे जळाली, पण गेला नाही. अमृतराव पुढे अंथरुणात, म्हातारा होऊन मेला. पदाजी हेही सांगतात, आणि मग फलकाकडे अंगठा करतात.

आजही खारवलीत तांडेलाला सारंग करायचे असेल, तर डोक्याला फडके बांधते ती दर्याने नवरा नेलेली बाई. बांधण्याआधी ती या दगडाशी उभी राहून विचारते, "शेवटी कोन उतरंल?" यंदा पदाजींच्या थोरल्या सुनेने विचारले. तिचा धाकटा दीर म्हणाला, "मी, वयनी." तिने गाठ घट्ट मारली.

पदाजींचा थोरला गेल्या मोसमात सारंग होता. त्याच्या बोटीवरची बाकी सगळी माणसे घरी आली.