पारख्याच्या कमरेची सुरी

एका खाडीच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. बाप्या असो की बाई, कमरेला वीतभर सुरी बांधल्याशिवाय त्या गावात कुणी होडीत पाय ठेवत नसे. सुरी लहान, पण काम मोठं. पाय जाळ्यात अडकला किंवा नांगराचा दोर पोटरीला वेढला, तर माणसाजवळ एका श्वासाएवढाच वेळ असतो. तेवढ्यात दोर कापला तर माणूस वर येतो. नाही कापला तर दोर त्याला खाली नेतो.

गावात एक पारखी होता. दरवर्षी जत्रेत लोहार नव्या सुऱ्या घेऊन येई आणि पारखी पारावर बसून त्या तपाशी. विड्याचं पान हवेत उडवून कापी. पात्यात स्वतःच्या मिशा निरखी. मुठीवर कोरलेल्या माशाचे खवले मोजी. मग "वाहवा!" म्हणून, पातं मुठीत शिरतं त्याच जागी लाल धागा गच्च गुंडाळी. तो धागा कुणी सोडायचा नाही, अशी रीत होती. धागा सोडला की सुरी रुसते म्हणत, आणि सोडणाऱ्याला कुणी होडीत घेत नसे.

त्या गावात दोन भाऊ होते. बाप नव्हता. थोरल्यानेच धाकट्याला पोहायला, जाळं फेकायला शिकवलं होतं. एका जत्रेत थोरल्याने वाहवा मिळालेली सुरी घेतली. पुढे होड्या समुद्रात निघाल्या, तेव्हा नांगर टाकताना दोर त्याच्या पायाला वेढला आणि तो पाण्यात ओढला गेला.

दुसऱ्या दिवशी तो सापडला. उजवा हात घट्ट मिटलेला होता. धाकट्याने एकेक बोट सोडवलं. आत नुसती लाकडी मूठ होती. कोरलेला मासा तसाच, लाल धागाही तसाच. पातं मात्र नव्हतं.

गाव म्हणालं, "नशीब!"

पारखी म्हणाला, "सुरीत दोष नव्हता. पोरगा घाबरला असेल, नीट धरता आली नसेल."

घाबरला! मरेपर्यंत ज्याने मूठ सोडली नाही, तो घाबरला? धाकट्याला तो शब्द टोचत राहिला.

वर्ष फिरलं, जत्रा भरली. पारखी पुन्हा पारावर बसला. नुकतंच लग्न झालेली एक पोर नवऱ्यासाठी सुरी घ्यायला आली होती.

"घे गं बाय," पारखी तिला म्हणाला, "अशी सुरी पंचक्रोशीत नाही. मासा बघ कसा कोरलाय, आत्ता उडी मारेल!"

"काका, ती सुरी तिला देऊ नका," गर्दीतून धाकटा ओरडला.

"का रे बाबा?"

"ती माणूस मारते."

लोक हसले. पारखीही हसला. "चार अक्षरं ओळखता येत नाहीत आणि सुरी ओळखायला आलास?"

"अक्षरं नाही ओळखत. भावाची बोटं ओळखतो. एकेक सोडवलीत मी."

धाकट्याने त्या पोरीच्या हातातली सुरी घेतली आणि नख धाग्याखाली घातलं. तसा तो ज्या होडीवर जाई तिचा प्रमुख, तांडेल, गरजला, "ए पोरा! धागा तोडलास तर उद्यापासून माझ्या होडीत तुला जागा नाही!"

धाकट्याचा हात थबकला. होडीत जागा नाही म्हणजे घरात चूल नाही. घरी आई होती, आणि कमावणारा आता तो एकटाच उरला होता. त्याने समोर पाहिलं. ती पोर त्याच्याकडेच बघत होती. तिच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता.

त्याने दातांनी धागा तोडला.

शेजारी डागडुजीसाठी ओढून ठेवलेली एक होडी होती. तिच्या काठात त्याने सुरी रोवली आणि एक हिसका दिला. मूठ हातात आली, पातं लाकडातच राहिलं. पात्याची शेपटी मुठीत पेरभरच गेली होती, तीही लाखेने चिकटवलेली.

"सुरी वापरायची एक पद्धत असते!" पारखी ओरडला.

"पाण्याखाली कसली पद्धत? तिथं काय विड्याची पानं उडवून कापायची असतात? कोरड्या पारावर बसून भिजणाऱ्यांची सुरी तपासता!" धाकट्याचा आवाज फाटला. "तुम्ही कमरेला कुठली बांधता ते दाखवा."

पारख्याने झटकन उपरण्याने कंबर झाकली.

"दाखवा की काका," ती पोर म्हणाली. "लाजता कशाला?"

तांडेल पुढे झाला आणि त्याने पारख्याच्या कमरेची सुरी उपसली. काळी, ओबडधोबड. ना मासा, ना धागा. मुठीच्या टोकापर्यंत एकसंध लोखंड गेलेलं आणि त्यात आरपार तीन खिळे. तांडेलाने ती होडीत रोवून जीव खाऊन हिसके दिले. होडीचा टवका निघाला, सुरी हलली नाही.

"लोहारा, ही तुझ्याच भट्टीतली?"

लोहाराने मान खाली घातली. "हो. त्यांनी स्वतःसाठी वेगळी करून घेतली."

"मग आम्हाला अशी का नाही देत?"

"हिला लोखंड जास्त लागतं, मेहनत दुप्पट. आणि वाहवा मिळते ती कोरलेल्या माशाला."

मग पारावर एकेकाने आपल्या सुरीचा धागा तोडला. पटापट मुठी निघून आल्या. बायका रडू लागल्या, कुणी लोहाराच्या गाडीवर सुऱ्या भिरकावल्या. तांडेल पारख्याला म्हणाला, "यापुढं तू वाहवा करशील ती सुरी तुझ्या कमरेला बांधायची आणि आमच्याबरोबर वर्षभर समुद्रात यायचं. मग आम्ही घेऊ." पारखी पारावरून उतरला, तो पुन्हा चढला नाही.

लोकांनी धाकट्याला घेरलं. तांडेलाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शहाणा निघालास रे! उद्या पहाटे ये होडीवर."

धाकट्याने तो हात झिडकारला.

"शहाणा? गेल्या जत्रेत दादानं सुरी घेतली, तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याच्या सुरीची वाहवा झाली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या होत्या."

तात्पर्य: जी वस्तू स्वतःच्या कमरेला बांधायची आपली तयारी नाही, तिची दुसऱ्यापुढे वाहवा करू नये. आणि आपल्या माणसाचा जीव जिच्यावर टांगलेला आहे, ती आतून बघितल्याशिवाय टाळी वाजवू नये.